टिकलीतला तारा

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या त्या घरात मला खोली मिळाली ती माझ्या चालीमुळे. चाल म्हणजे वागणूक नव्हे, नुसतं चालणं.

घरमालकीणबाईंनी मला गच्चीवर नेलं. मधोमध एक पितळी पेला काठोकाठ पाणी भरून ठेवला, त्याच्यासमोर स्वतः मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "चाल."

"कुठे?"

"इकडून तिकडे. रोज जशी चालतेस तशी. माझ्यासाठी म्हणून हळू नको."

मी चालले. गच्चीच्या एका कठड्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि परत. बाई त्या पाण्याकडे इतक्या एकटक बघत होत्या की मला घाम फुटला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातसुद्धा माझ्याकडे कोणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं, आणि इथे तर माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"पाणी हललें," त्या शेवटी म्हणाल्या. "पण लवकर स्थिरावलें. राहा तूं. मागे एक बँकेतला आला होता. टाचेवर चालतो. रेडा. त्याला काफी पाजून पाठवून दिलें."

त्या गच्चीवर एक दुर्बीण उभी असते आणि निरभ्र संध्याकाळी वरच्या खोलीतल्या माणसाने पाऊल जरी आपटलं तरी आकाशातले तारे थरथरतात, हे मला नंतर कळलं.

त्यांची माझी ओळख झाली ती त्याच्या आदल्याच आठवड्यात, आवडी स्टेशनच्या बाहेर. मी नुकतीच जळगावहून चेन्नईत आले होते, अंबत्तूरच्या एका कंपनीत नोकरीला. तमिळचे तीन-चार शब्द येत होते आणि तेही रिक्षावाल्यांना कळत नव्हते. केळीच्या पानांच्या गाडीशी उभी राहून मी आईशी फोनवर बोलत होते, बहुधा रडवेल्या आवाजात, तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, "तूं आमच्यांतली कां?"

वळून पाहिलं तर एक उंच, सावळी, सत्तरीची बाई. केसांत मोगऱ्याचा गजरा, कपाळावर भली मोठी लाल टिकली, सुती साडीवर पुरुषांचा असतो तसा पांढरा अर्धा कोट, आणि हातात दुर्बिणीच्या स्टँडसाठी घेतलेला हातभर लांबीचा लोखंडी पाइप.

त्यांची मराठी तंजावरची. कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या घराण्याची. 'का' म्हणायचं असेल तर त्या 'काय म्हणून' म्हणत, 'सगळं'ला 'अवघें', आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट तमिळच्या तालात वर उचलून सोडत. माझ्या आईने फोनवर त्यांना ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, कोणीतरी बखर वाचतंय असं वाटतं." पण त्या दिवशी, त्या केळीच्या पानांच्या गाडीशी, ती बखर मला माहेरासारखी वाटली.

गल्लीतले सगळे त्यांना अक्का म्हणत. मीही म्हणू लागले.

अक्का संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या. तिथे त्यांचं काम भिंगं तपासायचं. रणगाड्यातून बाहेर बघायच्या ज्या दुर्बिणी असतात, त्यांत चरा, बुडबुडा, धुकटपणा आहे का ते बघायचं, आणि असेल तर परत पाठवायचं. त्यांनी परत पाठवलेल्या भिंगांवरून साहेब लोक भांडायला येत आणि मान खाली घालून जात, असं त्या सांगत. तो पांढरा कोट तिथलाच. लग्न केलं नव्हतं.

"काय म्हणून?" मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं.

"सांजेचें गच्चीवरून खालीं यावें लागलें असतें," त्या म्हणाल्या.

त्यांच्या तीन भाषांची वाटणी ठरलेली होती. देवाशी मराठी, दुर्बिणीशी तमिळ, आणि फोन कंपनीच्या माणसांशी इंग्रजी. देवाशी भांडत, कंपनीच्या माणसांवर ओरडत, दुर्बिणीशी मात्र तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलत. दुपारी उन्हं उतरली की तिला खोलीतून बाहेर काढत, तिच्या अंगावर धुतलेली पांढरी वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, पांघरवत आणि म्हणत, "पोरुमै, कण्णा, पोरुमै." धीर धर, बाळा, धीर धर. घरात तापलेली नळी बाहेरच्या हवेइतकी निवल्याशिवाय तिच्यातून काही धड दिसत नाही, म्हणून.

आणि 'अंदाजे' हा शब्द त्या घरात चालत नसे. मी एकदा म्हटलं, "अक्का, भातात मीठ अंदाजे टाकते." त्यांनी माझ्या हातातून बरणी काढून घेतली.

दर हिवाळ्यात त्या एकाच गोष्टीचा फोटो काढत. वृषभ राशीतल्या बैलाच्या शिंगाच्या टोकाशी एक पुसट ढग आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एक तारा तिथे फुटला, आणि त्याचा धूर अजून पसरतो आहे. त्याला खेकड्याचं नाव आहे. अक्का त्याला तमिळमध्ये 'नंडु' म्हणत. माझा नंडु.

"तो फुटला नव्हें, त्याचा उजेड आपल्याकडे पोचला," त्या सांगत, "तेव्हां तंजावरचें मोठें देऊळ बांधून फार काळ लोटला नव्हता. दगड अजून नवे दिसत असतील. दिवसाढवळ्या तारा दिसत होता म्हणे. देवळाच्या पायरीवर बसून कोणी तरी दहीभात खातां खातां वर पाहिलें असेल."

असं काही त्या बोलल्या की गच्चीवरची संध्याकाळ पातळ व्हायची. खालून कुकरच्या शिट्ट्या, कडुनिंबाचा वास, समुद्राकडून उशिराने येणारा ओलसर वारा, दूर लोकलचा आवाज. आणि समोर, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हळूहळू उमटणारा तो धूर. फोटो म्हणजे एक बटण दाबलं की झालं, असं नव्हतं. अनेक संध्याकाळींचा उजेड थेंब थेंब साठवायचा, तेव्हा कुठे एक फोटो व्हायचा. असा दर वर्षाचा एक. ते एकावर एक ठेवले की नंडु किती पसरला ते दिसणार. आपल्या हयातीत एका मेलेल्या ताऱ्याला मोठं होताना बघायचं, इतकीच त्यांची इच्छा होती.

त्यासाठी दर वर्षी चौकट तीच हवी. तेच तारे, त्याच कोपऱ्यात. आणि इथेच सगळी मेख होती.

चेन्नईची गच्ची दिवसभर तापते आणि अंधार पडला की तास-दोन तासांत निवते. त्याबरोबर दुर्बिणीची नळी किंचित आखडते आणि फोकस सरकतो. सुईच्या टोकाएवढे तारे साबुदाण्यासारखे फुगतात. मग फोकस पुन्हा लावायचा. बाकीचे लोक काय करतात, तर दुर्बीण तिथून हलवून एखाद्या ठळक ताऱ्यावर नेतात, कारण ठळक ताऱ्यावर फोकस लावणं सोपं. मग परत येतात. अक्कांना हे मान्य नव्हतं.

"जत्रेंत पोराचा हात धरला आहे, आणि चष्मा पुसायला म्हणून सोडला. मग शोध आतां."

त्यांची रीत वेगळी. नंडुच्या बाजूलाच, चौकटीच्या आत, एक बेताचा तारा होता. त्या दुर्बीण न हलवता त्याच्यावरच फोकस लावत. दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठ्याची एक जाळी चढवायची, तिरप्या चिरा पाडलेली, त्यांनीच कापलेली. ती चढवली की पडद्यावर त्या ताऱ्यातून तीन रेघा फुटतात. दोन एकमेकींना छेदणाऱ्या, आणि तिसरी मधली. मधली रेघ बरोबर मधोमध आली की फोकस लागला. फोकसच्या बारीक खुंटीला त्यांनी कपडे वाळत घालायचा चिमटा लावला होता, म्हणजे बोटाने चिमट्याचं टोक ढकललं की खुंटी केसभरच फिरते.

पण खुंटी फिरवली की आतला आरसा थोडा कलंडतो आणि अख्खं चित्र बाजूला सरकतं. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे टिकली. त्यांनी आपल्या कपाळावरची मोठी टिकली काढून तिला सुईने मधोमध भोक पाडलं होतं, आणि ती लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवली होती. तो तारा त्या भोकातच दिसला पाहिजे. एक टिकली त्याच्यासाठी आणि दुसरी समोरच्या कोपऱ्यातल्या दुसऱ्या ताऱ्यासाठी, म्हणजे चौकट तिरपी झाली तर कळावं. फोकस लागला की हळूच बटणं दाबत दोन्ही तारे आपापल्या टिकलीत आणून बसवायचे, जाळी काढायची, आणि पुढे सुरू.

एका रविवारी संध्याकाळी आकाशाची हौस असलेली दोन तरुण मंडळी अक्कांना भेटायला आली. बरोबर एक छोटी मोटर आणली होती, भेट म्हणून. ती लावली की सगळं आपोआप. त्यातला एक फार मायेने म्हणाला, "अम्मा, हे स्वतःच ठळक ताऱ्यावर जातं, फोकस लावतं, आणि परत येतं."

"परत येतें?"

"येतं."

"तेथेंच?"

"जवळजवळ तिथेच."

त्या 'जवळजवळ'ने विषय संपला. त्यांना काफी मिळाली, चकलीसारखे मुरुक्कू मिळाले, आणि मोटर त्यांच्याच पिशवीत परत गेली. जाता जाता दुसरा म्हणाला, "अम्मा, थोडं सरकलं तरी नंतर कॉम्प्युटर जुळवून देतो."

"जुळवील," अक्का म्हणाल्या. "पण काठाचें जें चौकटीबाहेर राहिलें, तें कोठून आणील?"

ते दोघे जिना उतरून गेल्यावर मला म्हणाल्या, "पोरं चांगलीं आहेत. पण मोटर लावली तर मी काय करूं? खालीं जाऊन सीरियल बघूं?"

मी तिथे राहायला आले त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात काहीतरी बिनसलं.

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत, अक्का पहाटे दारापुढे कोलम, तिकडची रांगोळी, काढत. आधी पिठाचे ठिपके, मग त्यांना वळसे घालत जाणारी एक अखंड रेघ. ती रेघ इतकी अचूक असे की शेजारच्या बायका थांबून बघत. त्या वर्षी एक ठिपका वळशाच्या बाहेर राहिला. दुसऱ्या दिवशी दोन राहिले.

"पीठ जाड दळलें आहे मेल्यानें," अक्का म्हणाल्या.

मग गल्लीतल्या नव्या दिव्यांवर राग सुरू झाला. "हे दिवे फुटके आहेत. प्रत्येकाला मिशा." मी दिव्यांकडे बघितलं. मला मिशा दिसेनात. मग पेल्याबाहेर काफी सांडू लागली, मग सुईत दोरा ओवायला त्यांनी मला हाक मारली आणि सुई फार बारीक आहे असं दोनदा सांगितलं. मी जळगावच्या एका मोठ्या घरात वाढले आहे, तिथे म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत काय होतं ते मी पाहिलं होतं. पण अक्कांना कोण सांगणार? अख्खा जन्म दुसऱ्यांच्या भिंगांतले दोष काढलेली बाई.

त्या हिवाळ्यात पाऊस लांबला, मग धुकं, मग भोगीच्या दिवशी गल्लोगल्ली जाळलेल्या जुन्या सामानाचा धूर. पोंगल होऊन गेल्यावर कुठे उत्तरेचा वारा सुटला आणि आकाश धुतल्यासारखं झालं. मी ऑफिसातून आले तर अक्कांचा कोट अंगावर चढलेला, वेष्टी घडी करून ठेवलेली.

अंधार पडला तसा त्यांनी फोकस लावायला घेतला. खूप वेळ लागला. खुंटी घट्ट झाली आहे म्हणाल्या. त्या पडद्यासमोर अशा बसल्या होत्या की मला काही दिसत नव्हतं. नंतर फोटो सुरू झाले, आम्ही दोघी सतरंजीवर बसलो. रुळांवरून मालगाडी गेली की हादऱ्याने बिघडलेला तेवढा फोटो त्या रद्द करत. शेजारच्या घरात कोणीतरी वीणा शिकत होतं आणि पुन्हा पुन्हा एकाच जागी अडत होतं. मला डुलकी आली असावी. जागी झाले तर गच्चीची फरशी पायांना गार लागत होती, आणि पडद्यावरचे तारे फुगले होते.

अक्कांनी जाळी चढवली, चिमटा ढकलला, पडद्याकडे बघितलं, परत ढकलला.

"आलें," त्या म्हणाल्या. "जाळी काढ."

मी उठले आणि त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. मधली रेघ सरळसरळ एका बाजूला होती.

"अक्का, नाही आलं अजून."

"काय?"

"मधली रेघ उजवीकडे आहे."

"नाही."

"आहे."

त्यांनी तोंड पडद्याजवळ नेलं, इतकं जवळ की श्वासाने पडदा धुरकटला. "मधोमध आहे. जन्मभर मी हेंच केलें. माझीं बोटं सांगतात. तूं मला सांगतेस?"

अक्का त्या सुरात बोलल्या की गल्लीतला वाणीसुद्धा तागडी पुन्हा लावत असे. हो अक्का, बरोबर आहे, असं म्हणायला माझी जीभ तयार झाली होती. कामावर दिवसभर मी तेच म्हणत असे, ओके, चालेल, होऊन जाईल. आणि कोणाचं काय बिघडणार होतं? आकाशातला एक धूर. पण या बाईने माझ्या पावलांचा पेल्यातल्या पाण्याने न्याय केला होता. त्यांच्याशी 'चालेल' म्हणणं मला जमेना.

"उजवीकडे आहे, अक्का," मी म्हटलं.

शेजारची वीणा थांबली होती. मग पडद्यावरची नजर न काढता अक्कांनी विचारलं, "तुला रेघा किती दिसतात?"

"तीन."

"तीनच?"

"तीनच असतात ना."

"मला पुष्कळ दिसतात," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "प्रत्येक रेघेला पोरं झालीं आहेत. त्यांतली मधली कोणती, तें मीच ठरवतें. मनानें एक धरतें." आणि मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "अंदाजे."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. त्यांनी कोटाच्या खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा घातला. त्याने काही होणार नव्हतं हे त्यांना माहीत होतं.

"हात तुझे नकोत," त्या म्हणाल्या. "तुझे हात घाई करतात. डोळे दे."

मग आम्ही दोघींनी तो फोकस लावला. त्यांचं बोट चिमट्यावर, माझी नजर पडद्यावर.

"अजून उजवीकडे... अजून... आली, आली, गेली पलीकडे."

"जाऊं दे. थोडी पलीकडे जाऊन मागें यायचें. आरसा नेहमी एकाच बाजूनें बसवावा. आतां?"

"अक्का, तारा टिकलीतून बाहेर चाललाय!"

"जाऊं दे. घाबरूं नको. आपण कोठें गेलों नाहीं, आरसा कलंडला आहे. तूं रेघ बघ."

"मधोमध."

"अंदाजे?"

"नाही. मधोमध."

त्यांनी चिमट्यावरून बोट उचललं. मग मी सांगत गेले आणि त्या बटणं दाबत गेल्या, वर, डावीकडे, जरासं खाली, आणि तो तारा बाजारातून घरी परतणाऱ्या माणसासारखा सावकाश येऊन टिकलीच्या भोकात उभा राहिला. समोरच्या कोपऱ्यातला दुसराही आपल्या जागी होता. आम्ही इतक्या खूश झालो की जाळी काढायची राहिली, आणि पहिला फोटो आला त्यात अख्ख्या आकाशातले तारे काटे फुटल्यासारखे दिसत होते. अक्का त्या रात्री पहिल्यांदा हसल्या.

"भिंगाचें मला कळतें," जेवताना त्या म्हणाल्या. "दोन्ही भिंगांना दूध चढलें आहे. कारखान्यांत असतें तर मीच परत पाठवलें असतें."

"मग ऑपरेशन करून घ्या ना. आता किती सोपं झालंय."

"डॉक्टर नवें भिंग घालील."

"हो."

"तें तपासलेलें कोणी?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. ताटातल्या दहीभाताला उगाच बोट लावत राहिल्या, आणि मला कळलं की ही बाई घाबरली आहे. तिला दुखण्याची भीती नव्हती. आपण पारख न केलेल्या काचेतून उरलेलं आयुष्य बघायचं, याची होती.

शेवटी तह झाला. या हंगामाचा नंडु पुरा करायचा, आणि मग डॉक्टर. त्यानंतर जितक्या संध्याकाळी आकाश निरभ्र मिळालं, तितक्या मी ऑफिसातून धावत आले. माझे डोळे, त्यांचं बोट. एक-दोनदा आमचं भांडणही झालं, कारण मी 'जवळपास आली' म्हणाले होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हसतमुख. अक्कांनी भिंगाचं पाकीट बघायला मागितलं. त्यांनी दिलं. अक्कांनी ते उजेडाकडे धरलं, उलटंपालटं केलं आणि तमिळमध्ये विचारलं, हे कोणी तपासलं?

"कोणीतरी तपासलंच असेल, अम्मा."

"असेल?" अक्का म्हणाल्या.

मी त्यांचा हात धरला. आत नेताना त्या मराठीत पुटपुटल्या, म्हणजे देवाशी बोलत असणार. मी कान दिला. "देवा, ज्या बाईनें हें भिंग पाहिलें, तिचें त्या दिवशीं डोकें दुखत नसूं दे."

त्या बाईचं डोकं दुखत नसावं. पट्टी निघाली आणि अक्का दिवसभर घरात हिंडत राहिल्या, नव्या घरात आल्यासारख्या. एकच डोळा झाला होता, दुसरा नंतर व्हायचा होता. हा झाकून बघ, तो झाकून बघ, असा त्यांचा खेळ चालला. धुतलेल्या वेष्टीपुढे उभ्या राहून म्हणाल्या, "ह्या डोळ्यानें पांढरी. ह्या डोळ्यानें काफी सांडलेली." मग एकदम आत गेल्या आणि पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढू लागल्या. मी मदत केली. ट्रंकेत नंडुचे फोटो होते, दर वर्षाचा एक, चकचकीत कागदावर छापून घेतलेले. त्यांनी ते हॉलच्या जमिनीवर ओळीने मांडले.

मी ते सगळे एकत्र असे कधी पाहिले नव्हते. पहिल्या फोटोत धुराच्या तांबूस शिरा आणि आत फिकट, चांदण्यासारखी धग. दुसऱ्यातही तेच. मग कुठेतरी मधे ते फोटो निळे व्हायला लागत होते, दर वर्षी थोडे अधिक, आणि गेल्या वर्षीचा तर दौतीत बुडवून काढल्यासारखा. मला वाटलं, आकाशात असंच होत असेल. तारा निवतो, निळा पडतो. मी तसं म्हटलंही.

"नाही," अक्का म्हणाल्या. त्यांनी जुना डोळा झाकला, ओळभर बघितलं. मग नवा झाकला, पुन्हा बघितलं. "नंडु निळा होत नव्हता, पोरी. मी पिवळी होत होतें."

फोटोचा रंग त्या पडद्यावर डोळ्यांनी जुळवत असत, आधीच्या वर्षी दिसलेला आठवत होता तसा दिसेपर्यंत. डोळ्यातलं भिंग जसजसं पिवळं पडलं, तसतसा त्यांना निळा कमी दिसू लागला, आणि त्या नकळत तो वाढवत गेल्या. दर वर्षी इतका थोडा की स्वतःलाही कळू नये.

त्या जमिनीवर बसून राहिल्या. ऊन खिडकीतून एकेका फोटोवरून सरकत गेलं. दुपारचं जेवण तसंच राहिलं. मी म्हटलं, "अक्का, मूळ फोटो आहेत ना कॉम्प्युटरमध्ये? रंग परत नीट करता येतील."

"येतील," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी फोटो गोळा करून ट्रंकेत ठेवले.

दोन दिवस त्या ट्रंकेकडे फिरकल्या नाहीत. मला वाटत होतं, ज्या बाईला मिठाचा अंदाज चालत नाही, ती आता बसून एकेक फोटो दुरुस्त करील. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले तर हॉलच्या भिंतीवर ते सगळे टाचलेले होते. ओळीने, जसेच्या तसे. शेवटी या वर्षीचा नवा, नव्या डोळ्याने रंगवलेला, पुन्हा पहिल्यासारखा तांबूस.

"दुरुस्त नाही केले?"

"काय म्हणून? धूर किती पसरला, तें त्याचें. निळा किती झाला, तें माझें." त्यांनी एका निळ्या फोटोचा कोपरा बोटाने सपाट केला. "दोघांचीही मापं बरोबर आलीं आहेत."

मग त्यांनी लॅपटॉप उघडून सगळ्या वर्षांचे फोटो एकामागून एक भराभर दाखवले. तारे जागच्या जागी होते, खिळ्यांनी ठोकल्यासारखे. त्यांच्या मधोमध तो धूर मात्र बाहेर येत होता. अगदी केसभर. झोपलेल्या माणसाची छाती श्वासागणिक उचलावी, तसा. आणि वर्षागणिक निळसर होत, शेवटी एकदम स्वच्छ. आम्ही तो पुन्हा पुन्हा बघितला. दिवा लावायची वेळ टळून गेली तरी कोणी उठलं नाही.

मार्चपर्यंत त्यांचे दोन्ही डोळे झाले. बैल आता पश्चिमेला उतरू लागला होता, थोड्याच संध्याकाळी उरल्या होत्या. उकाडा सुरू झाला होता, गच्ची उशिरापर्यंत निवत नसे. या वर्षीचा फोटो झालेला असला तरी नव्या डोळ्यांची परीक्षा घ्यायला अशाच एका संध्याकाळी अक्का पडद्यासमोर होत्या, मी सतरंजीवर. तारे फुगले तशी मी सवयीने उठले.

"बस," त्या म्हणाल्या. "मी बघतें."

जाळी चढली, चिमटा हलला. थोडं पलीकडे, मग मागे. मी लांबूनच बघत होते. त्यांची पाठ ताठ होती, हात सावकाश. तारा टिकलीतून निघाला, फिरून परत आला. कोणाला काही सांगावं लागलं नाही. इतकं बरं वाटत होतं मला, आणि थोडं रिकामंही.

त्यांनी चिमट्यावरून बोट उचललं. जाळी काढायला त्या उठतील म्हणून मी वाट बघत होते. त्या उठल्या नाहीत.

"इकडे ये ग," त्या म्हणाल्या. "तूं पण एकदा बघ."

"तुम्हाला दिसतंय ना आता?"

"दिसतें. चांगलें दिसतें. तरी बघ."

आणि त्या सतरंजीवर थोड्या सरकल्या.